टेलिफोनचा प्रवेश गाळू नका : एका नाट्यसंस्थेस खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद यांस,
स. न. वि. वि.

संस्थेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना सांगलीत ते आधीच कळलेलं आहे.

गेल्या महिन्यात आपण १९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धावरचं नाटक केलंत. पहिल्या प्रयोगाला बाहेर टेबलावर अभिप्रायाची वही ठेवली होती. त्या वहीवरून बैठक झाली आणि पुढच्या प्रयोगासाठी चार बदल ठरले. दुसऱ्या अंकातला टेलिफोनचा प्रवेश गाळायचा. मागे पांढरा पडदा लावून तोफा-रणगाड्यांची चित्रफीत दाखवायची. यशवंतराव चव्हाणांचा प्रवेश शेवटून उचलून पहिल्या अंकात आणायचा. आणि पडदा पडताना देशभक्तीचं गाणं लावायचं. बोर्डावर कारण दोन शब्दांत लिहिलं आहे : ‘रसिकांच्या सूचनेनुसार’.

मीही त्या रात्री तिकीट काढून बसलेला रसिक होतो. मी असं काही सुचवलेलं नाही. म्हणून हे पत्र, आणि बोर्डावर लागलेल्या गोष्टीचं उत्तर चारचौघांत द्यावं म्हणून ते खुलं.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर ‘हा कोण नाटकातला शहाणा’ असं होईल. नाटकातलं मला फार कळत नाही. माझं गाव खानापूर तालुक्यात. आमच्या भागात पोरगा दहावी-बारावी झाला की एकतर गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, परमुलखात जातो नाहीतर भरतीला. मी १९८० ला भरती झालो. जबलपूरला सिग्नल्सचं ट्रेनिंग झालं. चोवीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. आता अँप्लिफायर, मिक्सर, पाण्याच्या मोटरी, जे येईल ते दुरुस्त करतो.

सिग्नल्सवाल्याला गावात फारसा मान नसतो. सुट्टीवर आलो की म्हातारी माणसं विचारायची, ‘किती मारलं रं?’ मी शत्रूवर एकही गोळी झाडलेली नाही. कारगिलच्या वेळी, १९९९ च्या उन्हाळ्यात, मी द्रासच्या मागे एका बंकरमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेला होतो. तिथून मला दिसायचं काय? मातीच्या गोण्या, बॅटऱ्या, चहाचा मग. लढाई जी काय झाली ती मला कानातून कळली. आकडे, वेळा, हाकेची सांकेतिक नावं, मध्येच खरखर. आणि खरखरीतून माणसाचा आवाज. आवाजावरून कळायचं की तिकडे कसं चाललंय. शब्द नेहमीचेच असायचे.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, पुढे तिचं काम आहे. वायरलेसवर समोरचं नीट ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणायची मनाई असते. ‘से अगेन’ म्हणायचं. कारण ‘रिपीट’ हा तोफखान्याचा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘तोच मारा पुन्हा करा’. साध्या माणसाला दोन्ही शब्द सारखेच वाटतात. चुकीचा शब्द गेला तर कुठे काय पडेल याचा नेम नाही. रिक्रूट असताना हे आमच्याकडून इतकं घोटून घेतलं, की अजून बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि ऐकू आली नाही तर माझ्या तोंडून तेच निघतं.

आणि एक वाक्य. मे १९९९ मध्ये हवाई दलाला हल्ले करायची परवानगी मिळाली, २६ मेपासून विमानं जायला लागली. पण सोबत एक अट होती : नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. दिल्लीत, एका खोलीत, टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी ठरवलेलं हे एक वाक्य. ते बरोबर होतं असं जाणकार सांगतात. जग त्यामुळे आपल्या बाजूने राहिलं म्हणतात, आणि ते मला पटतंही. पण डोंगराखाली उभ्या असलेल्या जवानाला त्याचा अर्थ असा, की वर बसलेल्या शत्रूची रसद मागून तोडता येणार नाही, समोरून, उघड्या चढावरून, रात्री चढत जायचं. त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. त्यातले किती त्या वाक्यामुळे गेले आणि किती त्याच वाक्यामुळे वाचले, हा हिशेब मला येत नाही. येत असेल तर त्या खोलीत बसलेल्यांनाच येत असेल. म्हणून त्या खोलीत काय बोलणं झालं ते ऐकायची मला हाव आहे. तुमच्या नाटकाचं पोस्टर बघून मी दुकान लवकर बंद केलं ते एवढ्यासाठी.

आता नाटकाबद्दल. टेबल एक, खुर्च्या सात, काळा टेलिफोन एक. सप्टेंबर-ऑक्टोबर १९६२ मधल्या दिल्लीतल्या बैठका. एकही बंदूक नाही. शेवटपर्यंत माणसं बोलतात, फायली सरकवतात, एकमेकांचं बोलणं अर्ध्यावर तोडतात, आणि मध्ये मध्ये एक पोऱ्या चहा आणि तारेचे कागद आणून ठेवतो. त्यातला एक कागद अख्खा अंकभर टेबलावर तसाच पडून राहतो. त्यावर कोणीतरी कपबशी ठेवतं. एवढंच. पण ज्याने आयुष्यभर असे कागद लिहून घेऊन, वर तारीख-वेळ टाकून पुढे पाठवलेत, त्याला त्या कपबशीखालच्या कागदाकडे बघून काय होतं ते तुम्हाला कसं सांगू?

टेलिफोनचा प्रवेश तर विचारूच नका. दिल्लीचा अधिकारी फोनवर, पलीकडे आसामातलं तेजपूर, फक्त आवाज. पलीकडचा माणूस सांगतोय की चीनच्या सीमेवर नामका चू नदीवर गेलेल्या पलटणींच्या अंगावर उन्हाळी कपडे आहेत, हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली आहेत, वर बर्फ पडायला लागलंय. अलीकडचा म्हणतोय, बोला, ऐकतोय. ऐकू येत नाहीये हे आपल्याला दिसतं. मग लाइनच जाते. तो फोन कानालाच धरून उभा राहतो, मागे नुसती गुणगुण. मी मनात मोजलं, बारा सेकंद. त्या बारा सेकंदांत माझा उजवा हात आपोआप मांडीवर पेन्सिल शोधायला लागला. माझ्या पुढच्या रांगेतले गृहस्थ खोकले, मागे कोणाचा तरी मोबाइल वाजला. पण तो नट हलला नाही. त्या पोराला माझा सलाम सांगा.

हाच प्रवेश तुम्ही गाळताय.

नाटक निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. पहिला अंक किमान दहा मिनिटं लांब आहे. प्राध्यापकाचं पात्र माणसासारखं बोलत नाही, अग्रलेख वाचून दाखवतं. आमच्या मंडळी दुसऱ्या अंकात चक्क डुलकी काढून उठल्या. शेजारचा नातू मला विचारत होता, ‘आबा, मारामारी कधी?’ तो नऊ वर्षांचा आहे, त्याने विचारावं. आपलं सगळ्यांचं वय पन्नाशीपुढे आहे.

आता वहीकडे येतो. प्रयोग संपल्यावर पार्किंगमधून स्कूटर निघेना, तेव्हा उभ्या उभ्या मी ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. जुनी सवय, लॉगबुक दिसलं की वाचायचं. एकूण एकतीस अभिप्राय होते. ‘बोलणं फार, युद्ध कुठे?’ असं लिहिणारे पाच. मागे ऐकू आलं नाही म्हणणारे नऊ. फार उशीर झाला म्हणणारे सात. एकाने लिहिलं होतं की नेहरूंवर अन्याय केलाय; त्याच्याच खाली दुसऱ्या शाईत, नेहरूंना फारच सोडून दिलंय. (या दोघांना एका चहावर बसवायला पाहिजे होतं.) एका बाईंनी विचारलं होतं, चहावाल्या पोऱ्याचं काम कोणी केलं, पत्रिकेत नाव का नाही? एका अक्षर वाकड्या माणसाने फक्त ‘कपबशी’ असा एकच शब्द लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. तो कोण ते मला माहीत नाही, पण भेटला तर त्याला मिसळ खाऊ घालीन.

टेलिफोनचा प्रवेश काढा, असं एकतीसांत एकानेही लिहिलेलं नाही. मग रसिकांची सूचना ही कुठली?

माझ्या तक्रारी आता एकेक मांडतो.

उशिराचं कारण नाटक नव्हतं. साडेसहाचा प्रयोग सव्वासातला सुरू झाला, आणि तोही आधी माजी सैनिकांचा सत्कार उरकून. त्या सत्कारमूर्तींत मीही होतो, म्हणून बोलायचा हक्क आहे. शाल, नारळ, गुच्छ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, विशेष पाहुण्यांचं भाषण, मग आभाराचं भाषण. सीमेवर कधी गेले नाहीत अशा तीन जणांनी आम्हाला सीमेविषयी सांगितलं. पंचेचाळीस मिनिटं गेली. मग दुसऱ्या अंकात विट्याच्या शेवटच्या गाडीची वेळ झाली आणि आमच्याकडची माणसं उठली. त्यांना तुम्ही ‘प्रेक्षक कंटाळून उठले’ असं धरलंत! संवाद कापायचेच असतील तर त्या भाषणांपासून सुरुवात करा.

ऐकू न येण्याचं कारणही नाटक नव्हतं. हा माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही रंगमंचावर तीन माइक टांगलेत. त्यातला मधला बरोबर छताच्या पंख्याखाली येतो, त्यामुळे तो नटांपेक्षा पंख्याचं जास्त ऐकतो. डावीकडच्याची वायर कुठेतरी सैल आहे. ‘च’ आणि ‘स’ आला की तडतडतो. उजवीकडचा बंदच होता. बाराव्या रांगेच्या पुढे नुसती गुणगुण पोचत असणार. ज्या नाटकात बोलण्याशिवाय काही नाही तिथे बोलणंच पोचलं नाही, तर माणूस ‘कंटाळवाणं’ म्हणेल नाहीतर काय? तमाशाच्या फडावरसुद्धा आधी माइक ठोकून बघतात.

चित्रफितीबद्दल. तालमीच्या हॉलमध्ये तुम्ही ती लावून बघत होतात तेव्हा मी मिक्सर पोचवायला आलो होतो, खिडकीतून दिसली. तिच्यात बोफोर्स तोफा आहेत. अहो, बोफोर्सचा करार १९८६ चा! बासष्टला ती तोफ या देशाने पाहिलेली नव्हती. मी तिचा आवाज द्रासला ऐकलाय, पायाखालची जमीन हलते. नामका चूवर आपल्याकडे असं काही असतं तर हे नाटकच लिहावं लागलं नसतं. काय नव्हतं, कोणी मागितलं होतं आणि कोणी ऐकलं नाही, एवढंच तर त्या सात खुर्च्यांमध्ये चाललंय, आणि त्यांच्या मागे तुम्ही आपला तोफखाना धडाडताना दाखवणार?

आणि यशवंतराव. इथे मात्र मला राग आला, लपवत नाही. देवराष्ट्रे आपल्याच जिल्ह्यातलं. ते रंगमंचावर आले की सांगलीत टाळी पडणार, हे तुमचं गणित मला कळतं. पण नाटकाच्या लेखकाने त्यांना शेवटच्या पाच मिनिटांत आणलंय ते तारखा बघून. हल्ला झाला २० ऑक्टोबरच्या पहाटे. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले, आणि महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव त्यांच्या जागी दिल्लीला गेले तेव्हा नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उलटत होता. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे ते त्या खोलीत शिरले तेव्हा होऊ नये ते होऊन गेलं होतं. त्यांच्या वाट्याला आली ती आवराआवर. नाटकात ते येतात, कपबशी उचलतात, खालचा कागद वाचतात, काही बोलत नाहीत. तुम्ही त्यांना पहिल्या अंकात आणलंत तर ज्या निर्णयांच्या वेळी ते तिथे नव्हते, त्यांचे साक्षीदार करून टाकाल. त्यांच्या कौतुकापोटी त्यांच्यावरच हा आळ कशाला?

त्यात अजून एक अडचण आहे. त्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. यशवंतरावांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत तिच्याविषयी निवेदन केलं. पण अहवाल कुठल्याच सरकारने अजून पूर्ण प्रसिद्ध केलेला नाही. साठ वर्षं उलटून गेली. कागद कुलपात असताना निदान रंगमंचावर तरी ती माणसं बोलली, तर तेवढंच तुम्ही कमी करताय.

गाण्याबद्दल काय बोलू? ते गाणं मलाही आवडतं. १५ ऑगस्टला लावा.

नेहरूंच्या त्या वाक्याची आठवण करून देतो, नाटकात ते आहे. १२ ऑक्टोबर १९६२, कोलंबोला जाताना विमानतळावर त्यांनी पत्रकारांना सांगितलं, की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिलेल्या आहेत. जाता जाता बोललेलं वाक्य. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत. आठ दिवसांनी नामका चूवरची ब्रिगेड धुळीला मिळाली. हल्ला त्या वाक्यामुळे झाला असं मी म्हणत नाही, तो वाद माझ्या आवाक्यातला नाही. पण विमानतळावर ‘सूचना’ हा शब्द उच्चारला जात होता, तेव्हा नदीकाठी कपडेसुद्धा पोचलेले नव्हते. शब्द केवढा आणि त्याच्या मागे उभं काय होतं, हे फक्त टेलिफोनच्या प्रवेशात समजतं. तो काढलात तर ते वाक्य नुसतंच वाक्य राहील आणि लोक त्यालाही टाळी देतील.

तुम्ही म्हणाल, सांगलीच्या प्रेक्षकाला हे झेपत नाही. हे मी ऐकून घेणार नाही. या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला नाटक उभं केलं. हरिपूरचे देवल आपले, खाडिलकर याच गावात जन्मले. त्यांचं ‘कीचकवध’ रंगमंचावर आलं १९०७ मध्ये आणि इंग्रज सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. दरबारातल्या पौराणिक पात्रांचं बोलणं ऐकून खेड्यापाड्यातला प्रेक्षक मनात व्हाइसरॉय कर्झन समजत होता, ही सरकारची धास्ती होती. त्या प्रेक्षकांत शिकलेले कितीसे असतील? त्यांना झेपलं, आणि त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना चित्रफीत हवी? आपण स्वतःला नाट्यपंढरी म्हणवतो. पंढरीत वारकऱ्याचे पाय दुखतात म्हणून कोणी अभंग गाळत नाही.

आता मागण्या. टेलिफोनचा प्रवेश आहे तसा, बारा सेकंदांसकट, राहू द्या. पडदा आणि चित्रफीत नको. यशवंतराव शेवटीच येऊ द्यात. कापायचंच असेल तर पहिल्या अंकातलं प्राध्यापकाचं भाषण कापा, लेखकाला विचारून. माझी हरकत नाही. वही बोर्डावर लावा, म्हणजे ‘रसिकांची सूचना’ काय ते सगळ्यांना वाचता येईल. चहावाल्या पोराचं नाव पत्रिकेत घाला. सत्कार करायचाच असेल तर नाटक झाल्यावर करा, भाषणांविना; आणि जमलंच तर खुर्च्या पुढे ओढून अर्धा तास प्रेक्षकांना बोलू द्या. आमच्या भागातल्या गावांत बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर पाहिलेली थोडी माणसं अजून आहेत. त्यांना शाल घालून आणि गप्प बसवून परत पाठवू नका. त्यांना विचारा, नाटकात काय खोटं वाटलं. ती सांगतील. आणि शेवटच्या गाडीच्या आधी सोडा, म्हणजे झालं.

माइकचं काम मी करतो. पैसे नकोत. सोमवारी माझं दुकान बंद असतं. शिडी, सोल्डरिंग गन आणि वायर घेऊन सकाळी दहाला नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी येतो. तेवढं किल्ली घेऊन कोणाला तरी पाठवा. मागच्या वेळी वॉचमनने आत सोडलं नव्हतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तिसऱ्या रांगेतला एक माजी सिग्नलमन, सांगली